वास्त्यांचा डबा आणि वर केलेला हात

चंद्रपूरच्या टेक्नॉलॉजी परिषदेला मी डबा घेऊन गेलो, यातच माझी लायकी आली. बाकीचे ब्लॉगर लॅपटॉप घेऊन आले होते. माझ्या पिशवीत वास्त्यांची भाजी! वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. आमच्या सिंदेवाहीकडे पावसाळ्यात घरोघरी शिजतात. मी रानभाज्यांवर ब्लॉग लिहितो. "कोन वाचते जी तुमचं?" असं बायको विचारते, तेव्हा मी छाती फुगवून म्हणतो, "जग वाचते."

जग म्हणजे एक माणूस. गडचिरोलीकडचा, तोही रानभाज्यांवरच लिहिणारा. माझ्या प्रत्येक लेखाखाली त्याची कमेंट हजर, आणि तिची सुरुवात ठरलेली: 'चूक!' वास्त्यांचा कडूपणा जावा म्हणून मी ते रात्रभर पाण्यात भिजवतो, आणि हा उकळून पाणी फेकतो. एवढ्यावरून आमचं किती वर्षं जुंपलंय! घरात मी त्याला उकळ्याच म्हणतो. तोंड कधी पाहिलं नव्हतं, कारण फोटो त्यानंही टाकला नाही आणि माझा तर टाकण्यासारखाच नाही. परिषदेत भेटलाच तर त्याच्या तोंडात एक घास कोंबायचा, म्हणून तो डबा.

हॉलमध्ये एसीनं हुडहुडी भरली होती. स्टेजवरचा तरुण सांगत होता की एआय मिनिटात लेख लिहून देतो. मला आठवडा लागतो, आणि त्यावरही 'चूक!' येतं. मग तो म्हणाला, "ज्यांचा ब्लॉग रोज हजार लोक वाचतात, त्यांनी हात वर करा." चार-दोन हात वर गेले. आणि बाप्पा, माझाही गेला! काऊन गेला, मलाच ठाऊक नाही. नेमका माझ्याच हातात माईक आला. "भाऊ, यशाचं गुपित सांगा." मी घसा खाकरून म्हणालो, "सातत्य." टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात शेजारचा, मांडीवर छत्री धरून बसलेला म्हातारा वाजवत होता.

जेवायला आम्ही दोघं कोपऱ्यात बसलो. "घ्या भाऊ, घरची भाजी आहे," मी डबा पुढे केला. त्यानं घास घेतला, डोळे मिटून सावकाश चावला आणि माझ्याकडे पाहत म्हणाला, "भिजवले तुमी. उकळले नाई."

म्हणजे हाच तो उकळ्या!

"सिंदेवाहीवाले तुमीच काय?" त्यानं विचारलं.

मग आम्ही असे हसलो की पनीरच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. "कडू लागली का?" मी विचारलं. "लागली ना," म्हणत त्यानं डबा पुसून खाल्ला. मला त्या माणसाचा फार लळा लागला, खरं सांगतो.

हात धुऊन आल्यावर तो म्हणाला, "आज मनावरचं ओझं उतरलं पाहा. मले वाटे, तुमचं मी एकटाच वाचतो. डोये दुखतेत, पोरगी वरडते, पन म्हटलं त्याले एकट्याले कसं सोडाव? आता हजार लोक हायेत म्हटल्यावर मी मोकळा. उद्यापासून बंद."

 खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात कुणीतरी सेल्फीसाठी ओढलं मला. यशस्वी ब्लॉगर ना मी! परत आलो तर छत्री नव्हती, म्हातारा नव्हता.

घरी येऊन मी आयुष्यातली सगळ्यात मोठी शरणागती लिहिली: 'वास्ते उकळूनच करावेत.' खाली लिहिलं, 'हात वर केला तो खोटा होता. माझा वाचक एकच आहे.' आणि वाट पाहत बसलो. काहीच आलं नाही. "कोन वाचते जी तुमचं?" बायकोनं सवयीनं विचारलं. मी मान खाली घालून भात कालवत राहिलो. 

आठवडा उलटल्यावर एका सकाळी फोन वाजला. कमेंट होती.

'चूक! एकदा उकळून काय होते? दोनदा उकळा लागते. आणि डोये पोरीचे वापरून राह्यलो, ती वाचून दाखवते.'

मी चहा तसाच ठेवून बायकोला हाक मारली. म्हटलं, "ऐकलं का? जग वापस आलं."