रेषेबाहेरच्या अक्का

नांदेड ते लातूर या पट्ट्यात आमच्या नणंदबाईंनी, म्हणजे अक्कांनी, ज्याला भर रस्त्यात थांबवून घोटा दाखवायला लावलेला नाही, असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. निवडणुकीला उभे राहिलेले गृहस्थ, मठातले स्वामी, एस.टी.चे कंडक्टर, भाजीवाल्या मावश्या, कोणीही सुटलेलं नाही. माणसाचा चेहरा अक्का मागाहून बघतात. आधी चाल बघतात. मला पाहायला सासरची मंडळी नांदेडला आमच्या घरी आली, लातूरहून अक्काही आल्या, तेव्हा रिवाजाप्रमाणे मला दारापासून भिंतीपर्यंत चालून दाखवायला सांगितलं. मुलगी लंगडत नाही एवढं बघून बाकीचे पाहुणे चहाकडे वळले. अक्कांनी मात्र मला पुन्हा चालायला लावलं, मग उलटं चालायला लावलं, आणि भर बैठकीत निकाल दिला, "डावं पाऊल बाहेर पडतंय. लग्नाला हरकत न्हाई, पण चप्पल बदला." होकार झाला की नकार, हे माझ्या वडिलांना बराच वेळ उमगलं नव्हतं. चप्पल बदलल्यावर माझी कंबर दुखायची थांबली हे खरं. पण ते अक्कांपुढे बोलायची सोय नाही, त्या लगेच उजवं पाऊल बघायला मागतात.

तरुणपणी अक्का नांदेडच्या कॉलेजकडून खो-खो खेळायच्या. एकदा गुडघा दुखावला तेव्हा संघाबरोबर त्यातलं कळणारं कोणीच नव्हतं. एका पहिलवानानं चारचौघांत गुडघा ओढून 'बसवला' आणि अक्कांचा खेळ कायमचा बसला. त्या पहिलवानाला त्यांनी कधी शिव्या दिल्या नाहीत. म्हणायच्या, त्याला येत होतं ते त्यानं केलं, तेवढंच येत होतं हे वाईट. पुढे लग्न होऊन त्या लातूरला आल्या, मुलींच्या शाळेत पी.टी.च्या बाई झाल्या. खेळशिक्षकांच्या एका शिबिरात बाहेरून आलेल्या पाहुण्यांकडून त्यांना कळलं, की खेळाडूला दुखापत होऊ न देणं, झालीच तर तिथल्या तिथे ओळखणं आणि त्याला धडधाकट करून पुन्हा मैदानात आणणं, हा जगात एक स्वतंत्र पेशा आहे. त्याला अ‍ॅथलेटिक ट्रेनर म्हणतात, त्याचं कॉलेज असतं, परीक्षा असते, आणि काही वर्षांनी नव्यानं परीक्षा देऊन आपली लायकी पुन्हा सिद्ध करावी लागते. अक्कांनी घरी येऊन जेवताना जाहीर केलं की आपण हे शिकणार. त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, नातवंडं खेळवायच्या वयात हे काय काढलंस. अक्कांनी भाकरी मोडत सांगितलं, "नातवंडं पडली तर उचलायची कशी, तेच शिकायलेय की."

या शिक्षणात सर्वांत जास्त सोसलं ते अक्कांच्या यजमानांनी, आमच्या दाजींनी. दाजींची धान्याची आडत आहे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, मोजकं बोलणं, आणि बायकोपुढे त्याहून मोजकं. घरात हाडांचा सापळा नव्हता, म्हणून अक्कांनी अभ्यासासाठी दाजी घेतले. रोज सकाळी अंघोळीनंतर त्यांना पालथं निजवून पाठीवर निळ्या पेनानं स्नायू काढायचे, प्रत्येकाचं नाव घोकायचं, आणि वेळ झाली की शर्ट घालून आडतीवर धाडायचं. ऐन उन्हाळ्यात शर्ट घामानं पाठीला चिकटला आणि आडतीवरच्या हमालांना मालकाच्या पाठीवर निळी मुळं पसरलेली दिसली. काहींना वाटलं कोणी करणी केली. दाजी सोयाबीनच्या पोत्याला टेकून शांतपणे म्हणाले, परीक्षा हाय. पहिल्या खेपेला अक्का लेखी पेपरात नापास झाल्या, कारण सगळं इंग्रजीत होतं. प्रत्यक्ष परीक्षेत मात्र जखमी खेळाडूचं सोंग घेतलेला मुलगा 'मी बरा आहे' म्हणत उठायला लागला, तर अक्कांनी परीक्षक सांगेपर्यंत त्याला उठू दिलं नाही. दुसऱ्या खेपेला त्या लेखीसुद्धा पास झाल्या, तेव्हा पेढे दाजींनी वाटले.

पास होऊन आल्यावर खरी पंचाईत सुरू झाली, कारण त्या नक्की कोण झाल्या हे कोणालाच कळेना. शाळेचे मुख्याध्यापक म्हणाले, वा, आता पोरींना आणखी जोरात पळवा. शेजारी मालिश विचारायला यायचे. घरावर पाटी लावली, तर रंगाऱ्यानं 'अ‍ॅथलेटिक ट्रेनर' लिहून खाली आपल्या मनानं 'वजन कमी करून मिळेल' अशी ओळ घातली. तिच्यावर भुलून आलेल्या बायकांना अक्का एका पायावर उभं करायच्या, तोल तपासायच्या आणि परत पाठवायच्या. या गोंधळाला त्या शरण गेल्या नाहीत. सामन्यांत लाउडस्पीकरवर कोणी त्यांना 'मॅनेजर बाई' म्हटलं, की त्या मैदान ओलांडून जायच्या, माइक घ्यायच्या, आपल्या पेशाचं नाव सावकाश उच्चारायच्या आणि मगच जागेवर परतायच्या. अर्धा जिल्हा तो शब्द असाच शिकला.

शिरूर अनंतपाळला मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना होता. अक्का लातूरच्या संघाबरोबर होत्या, मी नुसतीच बघायला गेले होते. आमच्या संघाची सगळी भिस्त एका शेतकऱ्याच्या मुलीवर. चढाईत तिचं डोकं समोरच्या मुलीच्या गुडघ्यावर आदळलं. ती लगेच उठली, हसली, पदर खोचावा तशी जर्सी खोचून तयार झाली. अक्कांनी तिला बाहेर बोलावून विचारलं की आपण कोणत्या गावात आहोत. ती म्हणाली, हदगाव. हदगावला संघ आधीच्या आठवड्यात खेळला होता. अक्कांनी पुढं काही विचारलं नाही. तिला खाली बसवलं, तिचे बूट काढले आणि त्या बुटांवर स्वतः बसल्या.

कोचनं हात जोडले. लोक ओरडायला लागले. ती पोरगी तर रडत अक्कांना ढकलत होती. शेवटी स्पर्धेचे आयोजक साहेब स्टेजवरून उतरून आले. हे देवणीकडचे मोठे बागायतदार, दारात जातिवंत वळू बाळगणारे. त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही डॉक्टर हाव का?"

"न्हाई."

"मग कोणत्या हक्कानं पोरीला बसवून ठेवलंत?"

"कोच जिंकायला असतो, साहेब. डॉक्टर दवाखान्यात असतो. पोरगी घरनं जशी आली तशी घरी जावी, यासाठी मी हाय. त्याचं शिक्षण घेतलंय, परीक्षा दिली हाय. तुमच्या वळूनं डोकं आपटलं अन् त्याला गोठा ओळखू येईना, तर दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत काढताव का त्याला?"

साहेबांचं तोंड लाल झालं. म्हणाले, उठा. अक्का म्हणाल्या, "सामना संपला की उठते."

सामना संपला. आमचा संघ हरला. परतताना जीपमध्ये त्या पोरीला उलट्या सुरू झाल्या. अक्कांनी गाडी थेट लातूरच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं, मेंदूला मार बसलाय, अशात दुसरा बसला असता तर अवघड होतं म्हणाले. ती बरी झाली. पण बरी झाल्यावरही कित्येक महिने अक्कांशी बोलली नाही, कारण तिच्या लेखी अक्कांनी तिचा कप घालवला होता. पुढच्या हंगामात संघानं अक्कांना कळवलंच नाही.

अक्का तरीही जायच्या. एस.टी.नं, स्वतःच्या पैशानं. लोकांत सर्वांत पुढे, रेषेच्या अगदी बाहेर, पिशवी मांडीवर घेऊन बसायच्या. एकदा साहेबांचा माणूस हटवायला आला, तर म्हणाल्या, बघायला बंदी असली तर सगळ्या गावाला उठवा. मी म्हटलं, अक्का, एवढा अपमान कशाला सोसायचा. त्या म्हणाल्या, "अपमान माझा व्हतोय, गुडघे त्या पोरींचे हायेत."

शेवटी तोड काढली ती त्या पोरीच्या आईनं. शेतातली कामं टाकून ती बाई कोचच्या घरी गेली आणि पायरीवर बसून सांगून आली, की बाई रेषेवर असतील तर माझी लेक खेळंल, नसतील तर न्हाई. दोन-चार आयांनी तिचीच री ओढली. अक्का परत संघात आल्या. ट्रेनर म्हणून जागा अजून मंजूर नाही, अजूनही त्यांना मॅनेजरच म्हणतात आणि अजूनही त्या माइक घ्यायला जातात. कोणी पोरी हे काम शिकायला आल्या, तर अक्का आधी कॉलेजात जा म्हणतात. माझ्या हाताखाली या, पण नुसतं माझं बघून शिकू नका, मी चुकले तर तुम्हाला कळायला पायजे, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. स्वतःची परीक्षाही त्यांनी अलीकडे पुन्हा दिली. दाजींची पाठ आता वाकली आहे, म्हणून यावेळी स्नायू त्यांच्या दंडावर काढले.

परवा थंडीत लातूरला गेले होते. अक्का घरी नव्हत्या, म्हणून संध्याकाळी मैदानावर गेले. साधा सराव चालला होता. अक्का कडेला उभ्या होत्या, शाल कानांवरून घेतलेली, नजर पोरींच्या पायांवर. अंधारून आलं तशा पोरी बॅगा उचलून, आपसात हसत निघून गेल्या. जाताना कोणी वळून पाहिलं नाही, आणि अक्कांनाही कोणाचं लक्ष हवं होतं असं वाटलं नाही. मी विचारलं, आज काय झालं? त्या म्हणाल्या, "काईच न्हाई झालं. समद्या चालत गेल्या." मग त्यांनी दुखापतीसाठी आणलेला डब्यातला बर्फ, दिवसभर कोणाला न लागलेला, कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतला, आणि तो विरेपर्यंत आम्ही दोघी तिथंच उभ्या राहिलो.