शनिवारचा पाऊस

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी जालन्यात इंजिनिअरिंगच्या पोरांना जलसिंचन शिकवायचो आणि उरलेल्या वेळात हवामानबदलावर संशोधन करायचो. भोकरदनकडच्या एका गावच्या जुन्या नोंदींवरून मी मांडलं होतं, की पावसाचे दिवस कमी होताहेत आणि एकेका दिवसाचा पाऊस वाढतोय. चार वर्षं त्यात गेली होती. निबंध पाठवायच्या आधी आकडे सहज वारांप्रमाणे लावून पाहिले. नोंदींच्या शेवटच्या काही वर्षांत शनिवारी पाऊसच नव्हता. रविवारी मात्र भरपूर.

दुसऱ्या दिवशी बस धरून त्या गावी गेलो. नोंदी ठेवणारे गुरुजी निवृत्त झाले होते, तरी शाळेच्या आवारातल्या पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी साडेआठला तेच मोजायचे. मी नोंदींची वही त्यांच्यापुढे ठेवली आणि शनिवारची शून्यं दाखवली.

त्यांनी शून्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "बायकोला दर शनिवारी जालन्याला दवाखान्यात नेत होतो, सर. सकाळी सहाची गाडी. मंग त्या दिवशी शून्य लिहायचो."

"आणि मापकातलं पाणी?"

"रविवारी मोजायचो. थेंबभर सांडलं न्हाई."

म्हणजे दोन दिवसांचा पाऊस एका दिवशी पडल्यासारखा दिसत होता. माझी अतिवृष्टी ती हीच. रागवायचं होतं, पण तेवढाही जोर अंगात नव्हता.

"आता कशा आहेत त्या?"

"गेली. तीन वर्षं झाली." मग त्यांनी विचारलं, "माझं सगळंच रद्द का मंग?"

"नाही, गुरुजी. बेरीज बराबर आहे. दिवस तेवढा चुकलाय."

ते आत गेले आणि दवाखान्याच्या कागदांची पिशवी घेऊन आले. शेवटच्या गाडीपर्यंत ते तारखा वाचत होते, मी वहीत पेन्सिलीनं खुणा करत होतो. एका कागदापाशी थांबून म्हणाले, "ह्या दिवशी ती स्टँडपर्यंत चालत आल्ती."

सगळं पुन्हा मांडलं, तेव्हा वर चढणारी रेघ जवळजवळ आडवी झाली. विभागप्रमुख म्हणाले, "निबंध आधी होता तसाच पाठवा हो, कोण बघतंय?" मी पाठवला नाही. दोन पानांचं टिपण तेवढं छापून आलं: या नोंदींवरून ठाम काही सांगता येत नाही.

नंतर मंठ्याकडच्या एका गावच्या नोंदी मागवल्या. पहिली वही आली आणि तीन आठवडे टेबलावर तशीच पडून राहिली. तिच्यातही असंच काही निघेल अशी भीती नव्हती; नुसता थकलो होतो.