रहिमतबीच्या छातीचे दोन फोटो

रहिमतबी गेल्याचा निरोप मला शाळेत मिळाला. तास संपवून मी निघालो. त्याला आता दीड महिना झाला...

ती आमची शेजारीण. पुसेगावच्या बाजारात बांगड्या भरायची. चार वर्षांपूर्वी बाजारात पेटी डोक्यावरून उतरवताना तिला खोकल्याची उबळ आली आणि ओंजळभर रक्त पडलं. पाहणाऱ्यांनी क्षय ठरवून टाकला. पुढच्या बाजारी तिच्यापुढे एकही हात आला नाही. सुनेने तान्ही मुलगी माहेरी ठेवली.

"मास्तर, मी मरायला भेत न्हाई," ती म्हणाली, "पण लेकरू काहून दूर केलं?"

तिचे पती रहीमचाचा आणि मी तिला हिंगोलीहून रेल्वेने हैदराबादला नेलं. तिथल्या वयस्कर डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. दोन्ही फुप्फुसांत पिंजलेल्या कापसासारखं पांढुरकं पसरलेलं. मी मनात आशा सोडली. डॉक्टर मात्र बराच वेळ तिच्या छातीला नळी लावून ऐकत राहिले. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, असं त्यांनी विचारलं. आला होता. नऊ वर्षांची असताना ती दोन महिने अंथरुणात होती.

आठ दिवसांनी त्यांनी दुसरा फोटो काढला आणि दोन्ही खिडकीच्या उजेडात धरले. दुसरा जवळपास स्वच्छ होता. त्यांनी समजावलं : फुप्फुसातली हवा काळी उमटते, रक्त भरलं की पांढरं. क्षयाचा डाग आठ दिवसांत पुसला जात नाही. जुन्या तापाने हृदयाची झडप अरुंद झाली होती. रक्त मागे तुंबून फुप्फुसांतल्या बारीक नसा फुटत होत्या. यावर इलाज अजून निघालेला नव्हता. मग ते तिच्याकडे वळले : "बीबी, ये मरज किसी को लगता नहीं."

ती तिथेच रडली. बरं होणार नाही हे तिला कळलं होतं, पण ती रडली ते लेकरू परत येणार म्हणून, असं चाचा नंतर म्हणाले.

नात परत आली. गावाला मात्र फोटो पटेनात. बाजारात मी ते उन्हात धरले, तर हाडं पाहून बायका मागे सरल्या. शेवटी माझी बायको सुमन पुढे जाऊन बसली आणि हात पुढे करून म्हणाली, "आपा, भरा." बाकीच्या यायला महिना लागला. पण आल्या.

शेवटच्या वर्षी तिला आडवं होता येईना. आडवं झालं की श्वास कोंडायचा. भिंतीशी गोधड्यांची चळत रचून ती बसल्या बसल्या झोपायची. परवा गेलो तर चळत तशीच होती, आणि पाच वर्षांची नात तिला टेकून शेंगा सोलत होती. गोधड्या आवरून ठेवाव्यात म्हणून मी हात लावला.

"राहू द्या, मास्तर," चाचा म्हणाले. "लेकरू बसून राहिलंय तिथं."