आत्याची वाकडी रेघ

माझ्या आत्याला सरळ रेघ ओढता येत नाही. सत्तावीस वर्षं ती इस्पितळाच्या ड्रेसिंग रूममध्ये सिस्टर आहे आणि सत्तावीस वर्षं रेघा ओढतेय, तरी हात काही सुधारला नाही. कुणाच्या पायावर, दंडावर लाली चढलेली दिसली की ती खिशातलं बॉलपेन काढते, लालीच्या कडेकडेने रेघ फिरवते आणि शेजारी वेळ लिहिते. लाली रेघेबाहेर गेली तर जंतूंचं फावलं, आत सरकली तर अंगाची सरशी. वॉर्डात तिला रेघवाली सिस्टर म्हणतात. ती नुसती हसते. मला मात्र त्या नावाचा भलताच अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. सुतार. त्यांनी बसवलेल्या दाराच्या फटीत कागद शिरत नाही, आणि त्यांच्या डोक्यात दुसऱ्याचं म्हणणं शिरत नाही. डाव्या मनगटाच्या वर लाकडाचं कुसळ घुसलं, तिथे गळू झालं, ते त्यांनी अंगठ्याने दाबलं. आम्हाला पत्ता लागू दिला नाही. चौथ्या दिवशी हात सुजून टम्म झाला, अंगात ताप, बगलेत अवधाणाची गाठ. मी आत्याला कळवलं, तशी ती थेट कारखान्यात आली आणि त्यांना हातातल्या कामावरून उठवून घेऊन गेली. इस्पितळात सलाईनमधून औषध सुरू झालं. लाली कोपराकडे चढत राहिली तर हात मोठा चिरून उघडावा लागेल, मग मुठीत पूर्वीचा जोर राहील याची खात्री नाही, असं तरुण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बाबा बोटं मिटून उघडून बघत राहिले.

आत्याने मात्र त्यांची चांगलीच हजेरी घेतली. तुझं अंग तुझ्यापेक्षा शहाणं आहे, म्हणाली. जंतू आत शिरल्याबरोबर त्याने तिकडच्या रक्तवाहिन्या रुंद केल्या, जादा रक्त धाडलं, म्हणून हात लाल आणि गरम. त्या रक्तातून पांढऱ्या पेशी बाहेर पडल्या, जंतू गिळत सुटल्या आणि गिळता गिळता मेल्या. तू ज्याला घाण म्हणतोस तो पू म्हणजे बहुतेक त्याच पेशी. हे जंतूही लबाड, विष सोडून पेशींनाच मारतात. म्हणून अंगाने भोवती भिंत घालून त्यांना कोंडलं, तेच गळू. आणि तू ते दाबून भिंत फोडलीस. अवधाणाला शिव्या देऊ नकोस, तिथे जंतूंची ओळख पटवून पुढची कुमक तयार होतेय. एवढं ऐकवून तिने रेघ ओढली, शेजारी दुपारचे चार लिहिले आणि दुसऱ्या पेशंटकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर राउंडला आले. लाली बरोबर रेघेला टेकलेली, तसूभरही बाहेर नाही. ते खूश झाले. औषध लागू पडलंय, उद्या गोळ्या देऊन घरी सोडू, म्हणाले. मला तर हायसं वाटलं. तेवढ्यात आत्या पट्टी बदलायला आली आणि हात बघत तशीच उभी राहिली.

"ही रेघ कोणी ओढली?"

"तुम्हीच ना, सिस्टर," डॉक्टर म्हणाले.

"माझी इतकी गोल येत नाही."

सगळ्यांच्या नजरा बाबांकडे वळल्या. सकाळी ओल्या टॉवेलने हात पुसताना ती वेडीवाकडी रेघ त्यांच्या डोळ्यांत खुपली होती. सुतारच ते. त्यांनी ती घासून काढली, शेजारच्या पेशंटचं पेन मागून घेतलं आणि लालीच्या कडेने नवी, सुबक रेघ ओढली. वर इमानदारीने कालचीच वेळ जशीच्या तशी उतरवली. खाडाखोड नको म्हणून.

आत्या ओरडली नाही. तिने हात उजेडाकडे वळवला. कातडीच्या बारीक सुरकुत्यांत जुन्या शाईचे ठिपके अजून अडकलेले होते, चांगले दोन बोटं खाली. म्हणजे रात्रीतून लाली दोन बोटं चढली होती. औषध लागू पडलेलंच नव्हतं.

डॉक्टरांनी लगेच प्रयोगशाळेला फोन लावला. पहिल्या दिवशी पाठवलेल्या पुवातला जंतू त्या औषधाला दाद देत नाही, असं तिकडून समजलं. दुपारच्या आत औषध बदललं, लहानशी चीर देऊन साचलेला पू काढला. डॉक्टर वयाने लहान, पण मनाने मोठे. वॉर्डातल्या सगळ्यांसमोर म्हणाले की आज मी फसलो होतो, सिस्टरांमुळे वाचलो. आत्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माझी छाती मात्र फुलली होती, आणि बाबांकडे बघून जरा रागही येत होता.

आत्याने पुन्हा आपली रेघ ओढली, आणि पुढचे दोन दिवस बाबांनी हात पुसूसुद्धा दिला नाही. तिसऱ्या सकाळी आत्या आली तेव्हा ते बाही वर करूनच बसले होते. लाली रेघेपासून बोटभर आत सरकली होती, ताप उतरला होता, मूठ मिटत होती. त्यांनी तिच्या खिशातलं पेन काढून तिच्यापुढे धरलं.

"तूच ओढ की," आत्या म्हणाली. "तुझी सुबक येते."

"नको, ताई," बाबा म्हणाले. "या हाताने मला परत रंधा धरायचाय. तूच ओढ."

आत्याने मान खाली घातली आणि रेघ ओढली. तिच्या मानानेसुद्धा ती फारच वाकडी आली.