बारशाआधीची नावं

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कुणाच्या बारशाला गेलो की ती केस मला हटकून आठवते. बायको म्हणते, "झालं, आता हे पुन्हा सांगणार." सांगणारच.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी बंगळूरला चामराजपेटच्या बाजूला इन्स्पेक्टर होतो. एका सकाळी कॅसेट कंपनीचा माणूस तक्रार घेऊन आला. त्यांनी मराठी पाळण्यांची कॅसेट काढली होती, आता तिचीच सीडी निघायची होती. आणि पेठेत त्याच पाळण्यांच्या नकली कॅसेट विकल्या जात होत्या. त्यानं अशा एका कॅसेटचं कव्हर माझ्या पुढ्यात ठेवलं. कव्हर कंपनीचंच, पण झेरॉक्स काढलेलं. आमच्या खबऱ्यानं दुपारच्या आत घर शोधून दिलं.

अशा केसमध्ये माल जप्त करायला वॉरंट लागत नाही. दफेदार आणि दोन पंच घेऊन मी गेलो. वाटलं होतं, आत कॉपी करणारी चार-पाच यंत्रं असतील. निघाली साठी उलटलेली एक बाई, शेवया वळत बसलेली. आमच्यासारखीच, पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेल्या मराठी घरातली. आणि कव्हरवरचा फोटो तिचाच! गायिकाच स्वतःच्या गाण्याची चोर? असला आरोपी मी जन्मात पाहिला नव्हता.

कपाटात सव्वीस कॅसेट सापडल्या. महजर, म्हणजे आपला पंचनामा, करताना असा माल वाजवून बघावा लागतो. मी एक कॅसेट उचलली, तशी तिनं झडप घालून माझा हात धरला.

"वाजवू नका अण्णा! पाया पडते."

"का? काय आहे त्यात?"

"ते नाही सांगायचं."

पोलीस खात्यात याला अर्धी कबुलीच समजतात. मी तिला ठाण्यात आणलं.

"कॉपी कुठं करता, अक्का?"

"कॉपी कसली? मी बसते, गाते."

"गिऱ्हाइकं कोण?"

"तेही नाही सांगायचं." कंपनीचा माणूस मागून टोचत होता, "आजच अटक दाखवा साहेब." ते ऐकून ती रडायला लागली. "मला आत टाकलंत तर पुन्हा कुणी पाळण्याजवळ उभं करणार नाही. गाण्याशिवाय दुसरं काही येत नाही मला."

तेवढ्यात माझा म्हातारा दफेदार कानाशी आला. तिच्या घरी टेपरेकॉर्डर एकच होता, तोही एकाच कॅसेटचा. त्याच्यावर कॉपी होणार कशी? इन्स्पेक्टर मी, आणि अक्कल त्याला!

मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. "अक्का, मी एकटाच ऐकतो. ऐकलेलं या खोलीबाहेर जाणार नाही. सरी? चालेल?"

तिनं उठून दाराची कडी तपासली. "आईची शपथ घे."

घेतली. वर्दीत होतो, तरी घेतली.

कंपनीच्या कॅसेटमध्ये हार्मोनियम होतं, व्हायोलिन होतं. हिच्या कॅसेटमध्ये मागं कुकरची शिट्टी, आणि प्रत्येक कडव्यात एका बाळाचं नाव. दुसऱ्या कॅसेटमध्ये नाव दुसरं, आणि मागं भाजीवाल्याची हाक. तिसरीत तिसरं नाव. सव्वीस कॅसेट, सव्वीस बाळं. प्रत्येक कॅसेट तिनं पहिल्या कडव्यापासून नव्यानं गायली होती.

"यांची बारशी अजून व्हायचीत रे," ती म्हणाली. "आत्यानं कानात सांगायच्या आधी नाव फुटलं तर कसं? माझ्यावर विश्वास टाकून सांगतात."

मी टेप बंद केला.

मग मी कंपनीचा करार मागवून नीट वाचला. तिनं विकलं होतं ते एक रेकॉर्डिंग. पाळणे तिच्या आईनं रचलेले, ते करारात नव्हतेच. कव्हर झेरॉक्स करणं मात्र चूक होती. "माझाच फोटो आहे की!" हा तिचा बचाव. ती कव्हरं काढायला लावली, पुन्हा असं करणार नाही म्हणून लिहून घेतलं, कॅसेट परत दिल्या. करार पुढं ठेवल्यावर कंपनीनं तक्रार मागं घेतली. सीडीचे पैसे तिला किती देणार, असं मी विचारलं, तर तो माणूस म्हणाला, "एकदा दिलेत की साहेब." तिथं मला काही करता आलं नाही. ते आजही सलतं.

काही महिन्यांनी माझ्या धाकट्या लेकीचा जन्म झाला. मी कॅसेट करून घ्यायला तिच्याकडं गेलो. पैसे काढले, तर ती हात जोडून म्हणाली, "तुझ्याकडून कसले घ्यायचे अण्णा? तू सोडवलंस मला."

आणि मी पाकीट खिशात टाकलं. फुकटचा चहा, फुकटचं शहाळं, वर्दीला सवयच असते. पायरी उतरलो आणि चपराक बसल्यासारखा थांबलो. कंपनीला मनातून शिव्या घालणारा मी, स्वतः वेगळं काय करत होतो? केसनं मला शिकवलं ते त्या पायरीवर. गाणाऱ्याला बुडवायला चोरच लागतो असं नाही, ओळखीचा माणूसही पुरतो.

परत वर गेलो आणि पैसे तिच्या हातात ठेवले. "घ्या अक्का. गळा तुमचा आहे."

तिनं ते डोळ्यांना लावले, कनवटीला खोचले, टेपरेकॉर्डर पुढं ओढला. "आता नाव सांग. स्वल्प जवळ ये, भिंतीला कान असतात."

सगळ्या पेठेला माझा दणदणीत आवाज माहीत होता. मी खाली वाकलो आणि आत्यानं सांगावं तसं, अगदी हळू, लेकीचं नाव अक्काच्या कानात सांगितलं.