बाबांच्या पाटीवरचा डाग

शेजारी सुतारकाम सुरू झालं, जळक्या लाकडाचा वास आला, की मी अजूनही चिडतो.

मुलुंडच्या घरी मी गॅलरीत जुन्या प्रिंटरच्या मोटरी जोडून लाकूड कोरणारं मशीन बनवलं होतं. कॉम्प्युटर सांगेल तसं ते सरकायचं, पण नेहमी वाकडं. त्या रविवारी पहिल्यांदाच ते सरळ चाललं. दारासाठी बाबांच्या नावाची पाटी कोरायला लावून मी चहाला आत गेलो.

परत आलो तर धूर. कॉम्प्युटर बंद, मशीन जागच्या जागी थांबलेलं. कोरणाऱ्या पात्याचं बटण वेगळं, त्यामुळे ते मात्र एकाच जागी फिरत सागवान जाळत होतं.

"समोर कोणी नव्हतं, स्क्रीन काळी होती. उगाच चालू राहिलाय वाटलं, म्हणून बंद केला," बाबा म्हणाले.

"आणि हे एवढं बोंबलतंय ते?"

"आवाज येतोय म्हणजे काम चाललंय ना रे. त्याला कशाला हात लावू?"

मी डोकं धरून बसलो. बाबांनी तीच अर्धवट पाटी दाराला ठोकली. आल्यागेल्याला सांगायचे, "नाव पोरानं कॉम्प्युटरवर कोरलंय." मग काळ्या डागावर बोट ठेवायचे. "आणि एवढं मी."

माझा तिळपापड व्हायचा. दोन्ही वाक्यं ते सारख्याच अभिमानाने म्हणायचे, हे आता लक्षात येतंय.