रिकामं फोल्डर

माझ्या सासूबाईंचा जन्म शिलाई मशीनवर गेला. कॉम्प्युटरला हात लावला तो पासष्टीत. मी घरी बसून भरतकामाची डिझाइनं काढते. दिरांनी घरातले दोन्ही कॉम्प्युटर जोडून दिले, तेव्हापासून सासूबाई वरच्या खोलीतून खालच्या प्रिंटरवर छापतात आणि आमच्या सामायिक फोल्डरमधून माझी डिझाइनं उचलतात.

उचलतात म्हणजे अक्षरशः उचलतात! कॉपी नाही, कट. परवा गिऱ्हाइकाला पाठवायचं डिझाइन गायब झालं आणि माझं डोकंच फिरलं. तरातरा जिना चढले.

"आई, तुम्ही नेलंत की माझ्याकडे काही उरत नाही हो!"

"पण फोल्डर कधी रिकामं ठेवलंय का मी?" त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "शेजारणीचा डबासुद्धा मी रिकामा परत करत नाही."

खाली येऊन पाहिलं. नेलेल्या प्रत्येक डिझाइनच्या जागी एक छोटी फाइल होती. मी एकही उघडली नव्हती. पहिली उघडली: "फुलांचं नेलं. दुपारी जेवली नाहीस, पाहिलं मी."

अशा एकोणीस होत्या.

मी एक नवी फाइल ठेवली: "आई, आज पोटभर जेवले."

संध्याकाळी तीही जागेवर नव्हती.